बंगल्याच्या मागच्या बागेत दगडकाम, कुंड आणि नवी लागवड : आमचा अनुभव (सहकारनगर, पुणे)

ओसरी

नमस्कार मंडळी, मी ओसरी.

बागकामाच्या धाग्यांवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. लांबलचक होणार आहे.

सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे. मागच्या बाजूला साधारण ३० बाय १८ फूट मोकळी जागा. सासरे १९७४ साली इथे राहायला आले तेव्हा त्यांनी लावलेली बकुळ त्या जागेच्या मधोमध उभी आहे. बाकी एक कढीपत्ता, दोन कुंद, कपडे धुवायचा दगड आणि पावसाळाभर चिखल.

त्या चिखलाला कंटाळून काही वर्षांपूर्वी आम्ही सगळी जागा फरसबंद करून घेतली. ठेकेदाराने खाली चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट) ओतलं, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि बकुळीच्या बुंध्याभोवती जेमतेम दीड फुटाचं आळं सोडलं. दिवाळीत रांगोळी काढली तेव्हा फार छान वाटलं होतं. पुढच्या जुलैत स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पाणी आत आलं. उतार घराकडे होता! त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बकुळीच्या शेंड्याच्या फांद्या वाळल्या. बकुळ सदाहरित झाड, आणि मे महिन्यात तिच्याखाली पिवळ्या पानांचा खच पडायचा. सासूबाई रोज सकाळी तिथे उभ्या राहून वर बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. ते मला सहन झालं नाही. सगळं उखडायचं ठरवलं.

त्याच सुमारास सदाशिव पेठेतला माझ्या माहेरचा वाडा पुनर्विकासाला गेला. जोत्याचे घडीव दगड, मागच्या चौकातली पाण्याची दगडी डोण, दोन जाती, एक उखळ. सगळं डबर म्हणून जाणार होतं. भावाला म्हटलं, टेम्पो मीच पाठवते, एक दगड सोडू नकोस. दीड फूट लांब, फूटभर रुंद, पाऊण फूट उंच असा एक काळा दगड भरतो ९० किलोच्या आसपास. असे ३४ आले. उतरवताना चार माणसं, दोन पहारी आणि सबंध दुपार लागली.

काम कोणाकडून करून घ्यायचं हा मोठा प्रश्न होता. ओळखीतून एक पाथरवट मामा मिळाले. पन्नाशी उलटलेले, वडिलांपासून टाकीकाम (छिन्नीने दगड घडवणं) करणारे. मी त्यांना मोबाईलमध्ये जमवलेली चित्रं दाखवायला लागले, तर म्हणाले, "ताई, चित्र मागनं बघू. पावसाचं पाणी कुठनं येतं अन् कुठं जातं, तेवढं दाखवा आधी." मला दाखवता आलं नाही. मग त्यांनी पाण्याची नळी भरून जागेची लेव्हल काढली, कोपऱ्या-कोपऱ्यात खडूने खुणा केल्या आणि दाखवलं की तळजाई टेकडीकडून उतरणारं पाणी शेजारच्या भिंतीखालून आमच्याकडे शिरतं आणि थेट मागच्या दाराशी येऊन थांबतं. पन्नास वर्षं तिथे माती होती म्हणून ते मुरत होतं. आम्ही त्याची वाट बंद केली होती.

त्यानंतरचं सगळं काम या एका गोष्टीवर बेतलं. पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहिते.

मधुमालती

वाचतेय. वाड्याचे दगड वाचवलेत हे वाचूनच बरं वाटलं. आमचे गेले. पुढचं लवकर लिहा आणि फोटोही टाका.

ओसरी

फोटो रविवारी टाकते. आता काम.

*पाण्याची वाट.* पीसीसी फोडून काढलं, राडारोडा दोन ट्रॉल्या निघाला. घरापासून लांबच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला, ४ बाय ४ आणि ६ फूट खोल. घराच्या पायापासून १२ फुटांवर आहे, त्याहून जवळ घ्यायला मामा तयार नव्हते. साडेतीन फुटांनंतर पिवळसर मुरूम लागला, म्हणजे पाणी जिरणार. तळाशी मोठं डबर, वर खडी, वर जाड वाळू. जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट) माल गिळला त्याने. सगळ्या जागेला घराकडून खड्ड्याकडे दर १० फुटाला दीड इंच उतार दिला. चालताना जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतो.

गच्चीचं पाणी टाकीत घेतो, टाकी भरल्यावर उरलेलं याच खड्ड्यात. हिशोब करून बघा : १००० चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला ७०० मिमी पाऊस धरला (पुण्याची सरासरी त्याच्या आसपासच आहे), तर ६५ हजार लिटर पाणी पडतं. एवढं पाणी आपण गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरला फोन करतो.

*दगड.* फरसबंदी फक्त २०० चौरस फुटांत केली, बाकी माती. खाली मुरूम चार इंच, पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. वर दोन इंच क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), वर शहाबादी. सिमेंट कुठेच नाही. फटी बोटभर ठेवल्या आणि वाळू-माती मिसळून भरल्या. शहाबादी घेताना पॉलिश नसलेलीच घ्या, पावसात पॉलिशवरून माणूस सरळ आपटतो. कडप्पा बाहेर नकोच. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही.

वाड्याचे दगड बकुळीभोवती वर्तुळात लावले, बसायला. बुंध्यापासून आठ फूट लांब. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, म्हणून पाया खणला नाही. प्रत्येक दगडाचा एक तृतीयांश भाग जमिनीत, तेवढाच खड्डा, आणि मूळ आडवं आलं की दगड सरकवायचा, मूळ तोडायचं नाही. दोन ठिकाणी त्यामुळे वर्तुळ मोडलंय. मला ते तसंच आवडतं.

मामांनी जुन्या दगडांवर नवी टाकी मारली नाही. मी विचारलं तर एका दगडावर हात फिरवून म्हणाले, "ह्यो डावखुऱ्या माणसानं घडवलाय, बघा घाव कसे पडलेत." तिरप्या रेघा खरंच उलट्या दिशेने जात होत्या. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा कोणीतरी पाथरवट, त्याचं नाव कुठेच नाही, आणि त्याचा हात माझ्या अंगणात दिसतोय. त्या दिवशी मी त्या दगडापाशी बराच वेळ बसून होते.

कातळ

सुरेख लिहिताय. दगडाबद्दल थोडी भर घालतो, माझा विषय आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. त्याच्या दोन जाती डोळ्यांनी ओळखता येतात. एक घट्ट, बारीक कणांचा, हातोडी मारली की खणखणतो. वाड्यांची जोती याची. दुसरा सच्छिद्र, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला. त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी झिओलाइटचे स्फटिक सापडतात. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात.

बागेसाठी दोन्ही कामाचे. बसायला, पायरीला घट्ट दगड घ्यावा. पाण्याच्या कडेला सच्छिद्र लावा, तो पाणी धरतो, दोन पावसाळ्यांत शेवाळ आणि नेचे आपोआप येतात. कात्रज घाटात रस्त्याच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतात, ते मात्र आणू नका. हवापाण्याने कुजलेले असतात, हाताने भुगा होतो. त्याचाच पुढे मुरूम होतो.

टेकडीवाला

एक वेगळं मत. पेव्हर ब्लॉकला सरसकट नावं ठेवू नयेत. माझ्या वडिलांना वॉकर लागतो. फटींची शहाबादी, खडबडीत दगड हे सगळं फोटोत छान, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायाला नाही. आमच्याकडे पेव्हर घातल्यापासून ते रोज अंगणात फेऱ्या मारतात.

ओसरी

टेकडीवाला, तुमचं अगदी बरोबर आहे. मी हे लिहायला हवं होतं. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्याही वॉकरवर. मागच्या दारापासून बकुळीपर्यंत आणि तिथून कुंडापर्यंत तीन फूट रुंद सरळ वाट केली आहे, ती वेगळ्या पद्धतीने. मोठ्या, दीड इंच जाड फरश्या, कड कडेला घासून बसवलेल्या, फट जवळजवळ नाहीच. उंबऱ्याची पायरी काढून तिथे उतरण केली. वाटेच्या एका बाजूला कमरेइतक्या उंचीचा जीआय पाइपचा कठडा आहे, त्यावर जुई चढवली आहे. कठड्याचा पाइप थंड राहावा म्हणून वेल चढवला. मे महिन्यात लोखंडाला हात लावून बघा म्हणजे कळेल.

पेव्हर वाईट नाही. खालचं काँक्रीट काढून मुरूम आणि वाळूवर बसवला तर पाणी मुरतंच. आमचा घोटाळा खालच्या पीसीसीने आणि उलट्या उताराने झाला.

निळासावळा

कुंडाचं लिहा ना. आमच्या सोसायटीत कारंजं होतं, डासांच्या तक्रारी आल्या, महापालिकेची नोटीस लागली, शेवटी त्यात माती भरून जास्वंद लावली. घरात पाणी साठवून ठेवायचं धाडस होत नाही. आणि मुलगी कासव आणा म्हणून मागे लागली आहे, ते ठेवता येईल का कुंडात?

ओसरी

आधी कासवाचं. नाही. आपल्याकडची कासवं पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि दुकानात मिळणारी परदेशी लाल कानांची कासवं मोठी होतात, मग लोक ती नेऊन तलावात सोडतात. मुलीला बेडूक दाखवा. ते आपण होऊन येतात.

आता कुंड. ५ बाय ४ फूट, दीड फूट खोल, म्हणजे साधारण ८५० लिटर. सिमेंटचं केलं नाही. खड्डा खणून तळाला चाळलेली वाळू, त्यावर जुनी गोणपाटं, त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. कडा फूटभर बाहेर काढून दगडांखाली दाबल्या. शेततळ्याच्या कामाचा माल विकणाऱ्याकडे तुकडा मिळतो. खड्ड्याची लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्ही बाजूंचा एकेक फूट, तेवढा लांब कागद घ्या, रुंदीचंही तसंच. आमचा १० बाय ९ लागला.

माहेरची डोण कुंडाच्या काठावर दोन फूट उंच चौथऱ्यावर बसवली. पंप कुंडातून पाणी डोणीत चढवतो, डोणीच्या ओठावरून ते पातळ पदरासारखं खाली पडतं. पंप १८ वॅटचा आहे, दिवसाला सहा तास चालवला तर महिन्याला तीन-सव्वातीन युनिट. पंप घेताना एक चूक हमखास होते. खोक्यावर 'हेड ६ फूट' लिहिलेलं असतं, म्हणजे सहा फुटांपर्यंत पाणी चढेल असं आपण धरतो. खरं तर त्या उंचीला पाणी पडायचं थांबतं. आपल्याला दोन फूट चढवायचं असेल तर सहाचा घ्यावा, तेव्हा कुठे बरी धार मिळते. आणि वायरिंगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच. पाणी, वीज आणि अनवाणी पाय एकत्र आहेत, इथे पैसे वाचवू नका.

डासांचं सांगते. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. पाणी हलतं असेल आणि आत अळ्या खाणारं कोणी असेल तर डास होत नाहीत. आम्ही गप्पी मासे सोडले. महिन्याभरात चतुर यायला लागले, त्यांची पिल्लंही पाण्यात डासांच्या अळ्या खातात. दर शनिवारी मी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उजेडात बघते, वळवळ दिसते का. दोन वर्षांत दिसली नाही. त्याच वेळी कुंड्यांखालच्या बशा आणि झाकण नसलेला पिंप तपासते, आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या तिथेच.

कातळ

गप्पी घरच्या कुंडात ठीक. पण ते ओढ्यात, नदीत, टेकडीवरच्या तळ्यात कुणी सोडू नयेत. बाहेरचा मासा आहे, आपल्या छोट्या माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं फस्त करतो. कुंडाचं उतू जाणारं पाणी कुठे जातं तेही बघा.

ओसरी

उतू जाणारं पाणी शोषखड्ड्यात जातं, तोंडाला जाळी आहे. तरी तुमचं म्हणणं पटलं, धाग्याच्या वरती भर घालते.

जुनापुणेकर

पाणी उताराने खेळवायची गोष्ट निघाली म्हणून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी दगडी नळातून गावात आलं, पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले, हवा कोंडू नये आणि गाळ काढता यावा म्हणून. त्याच पाण्यावर पेठांतले हौद भरायचे आणि ते शनिवारवाड्यापर्यंत पोचायचं. तिथलं हजारी कारंजं पाहिलंच असेल, कमळाच्या आकाराचं. लहानपणी आमच्या वाड्यातल्या हौदावर पाठ टेकून मी अभ्यास करायचो. उन्हाळ्यात त्या दगडाचा गारवा अजून पाठीला आठवतो.

तुमच्या डोणीला दगडी ओठ आहे ना? त्यात क्षार साठतात का?

ओसरी

काका, साठतात. पहिले दोन महिने बोअरचं पाणी वापरलं, काळ्या दगडावर पांढरे ओघळ आले. सासूबाईंनी चिंचेच्या कोळाने घासून काढले, तांब्याची भांडी घासतात तसे. आता टाकीतलं पावसाचं पाणी वापरते, ते संपलं की नळाचं एक दिवस बादलीत उघडं ठेवून. मे महिन्यात रोज बादलीभर, १५ लिटर तरी उडून जातं, तेवढं भरावं लागतं.

फ्लॅटमधलीबाग

माझी गॅलरी ८ बाय ४, पण झाडांची यादी हवी आहे. पाण्यात काय लावलं, बाहेर काय?

ओसरी

पाण्यात कुमुद (वॉटर लिली). पांढरं, एकच. कुमुदाला पाच-सहा तास ऊन लागतं, म्हणून कुंड बकुळीच्या सावलीबाहेर घेतलं. टोपलीत नुसती काळी माती घालायची, वर खडीचा थर. कोकोपीट घातलं तर सगळं तरंगून वर येतं, माझं आलं. पानांनी निम्मं पाणी झाकलं की पाणी हिरवं होत नाही. काठावर वेखंड, ब्राह्मी आणि अळू. अळूची पानं सासूबाईंच्या फतफत्याला जातात, त्यामुळे ती कधी माजत नाहीत. पाणी जिथून शिरतं त्या भिंतीच्या कडेला वाळ्याची रांग आहे. मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

बकुळीखाली फक्त नेचे आणि तिचाच पालापाचोळा. तिथे झाडायचं नाही असा घरात नियम आहे, फुलं तेवढी वेचायची. बाकी जागेत पारिजातक, कुडा, अनंत, सोनचाफा, कुंपणाला जाई. लिंबू आणि कढीपत्ता आहेत, त्यावर मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या येतात, पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. चिरडू नका. पानफुटीवर रेड पिएरो फुलपाखरू येतं. बरीचशी रोपं उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांतून आणली. वेखंड, ब्राह्मी मैत्रिणींकडून.

गॅलरीत दगडी उखळ किंवा मोठं मातीचं घमेलं घ्या, एक कुमुद, चार गप्पी. आधी स्लॅबच्या वजनाची चौकशी करा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, भांडं वेगळं.

टेकडीवाला

बकुळीच्या वाळलेल्या फांद्यांचं काय केलंत? आमच्याकडे असंच एक आंब्याचं झाड आहे.

ओसरी

स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी तोडायला, फांद्या उतरवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. आम्ही अर्ज केला, पाहणी झाली, मग फक्त मेलेल्या फांद्या उतरवल्या. खतांचा मारा केला नाही. जमीन उघडी केली, पाचोळा अंथरला, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी सोडलं, बुंध्याशी नाही. पहिलं वर्ष काहीच दिसलं नाही. मी आशा सोडली होती. यंदा फेब्रुवारीत जुन्या खोडावर तांबूस फुटवे आले. सासूबाईंनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये, चष्मा घालून ये." वॉकर धरून त्या वर बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता शेंडा नाही, पण मधला घेर पुन्हा भरलाय. फुलंही आली, गेल्या आठवड्यात ओंजळभर.

मधुमालती

वाचताना गलबलून आलं. रविवार गेला, फोटो?

ओसरी

फोटो अल्बममध्ये टाकलेत. शेवटचे दोन काल संध्याकाळचे. पाऊणेक तास जोरदार वळीव झाला. शेजारच्या भिंतीखालून पाणी आलं, वाळ्यातून गाळून वाटेच्या कडेने खड्ड्याकडे गेलं. मागच्या दाराची पायपुसणी कोरडी होती. रात्री नऊच्या सुमारास डोणीखालून बेडकाचा आवाज आला, या वर्षीचा पहिला.

फ्लॅटमधलीबाग

वेखंडाचा एक कंद मिळेल का? मी धनकवडीला राहते.

ओसरी

मिळेल की. शनिवारी सकाळी दहापर्यंत या, त्या वेळी मी वाटीत पाणी तपासत मागेच असते. ब्राह्मीही देते. ओली गोणपाटाची पिशवी आणा, प्लास्टिकमध्ये ती गुदमरते.